स्वयंपाकघरातलं लाईट फिटिंग आणि सॉकेटच्या लाईनी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की आमच्याकडे घरांची कामं निघतात. मी यवतमाळ जिल्ह्यात गावोगाव फिटिंगचं काम करतो, त्यामुळे फेब्रुवारीपासून मृगापर्यंत फोनवर त्याच त्या प्रश्नांची रांग लागते. हॉलच्या पीओपीवर घरात सहा महिने चर्चा होते. स्वयंपाकघरातल्या सॉकेटचा विचार मात्र वायरमन छिन्नी घेऊन भिंतीशी उभा राहतो तेव्हा होतो. घरात सगळ्यांत जास्त करंट तिथेच लागतो आणि ओल्या हातानं बटन दाबलं जातं तेही तिथेच, म्हणून इतकं सविस्तर लिहितो आहे.

१. आमचं स्वयंपाकघर १० बाय १० आहे. किती पॉइंट काढू?

खोलीच्या मापावर पॉइंट ठरत नाहीत, वस्तूंवर ठरतात. एक कागद घ्या आणि घरात जी रोज रांधते तिच्यासोबत बसा. मिक्सर कुठे ठेवते, फ्रिज कोणत्या कोपऱ्यात येईल, सिलिंडर संपला तर इंडक्शन कुठे मांडेल, हे तिलाच माहीत असतं. साधारण गावातल्या घरात मिक्सर, फ्रिज, इंडक्शन, पाणी शुद्ध करायचा आरओ, चहाची किटली, एक्झॉस्ट पंखा आणि हल्ली घरघंटी एवढं निघतं. ओट्यावर चार सॉकेट, फ्रिजला एक, आरओला एक, घरघंटीला एक, आणि एक रिकामा. भिंत उघडी असताना जास्तीच्या सॉकेटला फारसं काही लागत नाही. टाईल लागल्यावर तोच सॉकेट काढायचा तर टाईलच फोडावी लागते.

२. लहान सॉकेट आणि मोठा सॉकेट, नेमका फरक काय?

लहान ६ अँपिअरचा, मोठा १६ अँपिअरचा. जुने लोक अजून पाच आणि पंधरा म्हणतात, ते हेच. आपल्याकडे व्होल्टेज २३० धरलं, तर लहान सॉकेटवर जास्तीत जास्त १३८० वॅट आणि मोठ्यावर ३६८० वॅट भार बसतो. वस्तूच्या बुडाशी चिकटवलेल्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात, त्याला २३० नं भागा. ७५० वॅटचा मिक्सर सव्वातीन अँपिअर घेतो, लहान सॉकेट पुरतो. १५०० वॅटची किटली साडेसहा घेते, म्हणजे ती लहान सॉकेटच्या बाहेर गेली. २००० वॅटचं इंडक्शन पावणेनऊच्या आसपास, ३००० वॅटचा गिझर १३. ओट्यावर मी सरसकट ६ आणि १६ दोन्ही पिना बसणारे सॉकेट लावतो, कारण तिथे कधी कोणती वस्तू येईल ते सांगता येत नाही. पण सॉकेट मोठा आहे म्हणून मागची वायर मोठी असेलच असं समजू नका. ते प्रश्न ५ मध्ये येतं.

३. दीडची वायर घेऊ की अडीचची?

स्वयंपाकघरातल्या प्रत्येक सॉकेटला तांब्याची अडीचची, म्हणजे अडीच स्क्वेअर एमएम. दिवा, पंखा, एक्झॉस्ट यांना दीडची. ३००० वॅटचा गिझर असेल तर त्याला मी चारची टाकतो. गिझर बराच वेळ पूर्ण भारावर चालतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा भिंतीतली वायर आधीच तापलेली असते. साधी पीव्हीसी वायर ७० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी केलेली असते. बाहेरची हवाच जितकी तापलेली, तितकी करंटसाठी उरलेली जागा कमी. स्लॅबमधून जाणाऱ्या पाईपला हे जास्त लागू. वायरच्या बंडलावर आयएसआय चिन्ह बघा आणि रंग पाळायला लावा: फेज (करंट आणणारी) लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रल (करंट परत नेणारी) काळी, अर्थ (वस्तूच्या पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारी) हिरवी. हिरवी वायर संपली म्हणून काळीच अर्थला वापरणारे वायरमन मी पाहिलेत. दहा वर्षांनी बोर्ड उघडणाऱ्या माणसाच्या जिवाशी हा खेळ आहे.

४. सगळं स्वयंपाकघर एका लाईनवर घेतलं तर काय बिघडतं?

इंडक्शनवर डाळ शिजत आहे, शेजारी किटली लावली, मिक्सर फिरवला. २०००, १५०० आणि ७५० मिळून ४२५० वॅट, म्हणजे साडेअठरा अँपिअर. एकाच अडीचच्या वायरीवर हे रोज होणार. आपल्याकडच्या वायरिंगच्या प्रचलित नियमात एका पावर लाईनवर दोन मोठे सॉकेट आणि ३००० वॅट एवढीच मर्यादा धरतात, ती यासाठीच.

मी अशी वाटणी करतो. ओट्याच्या डाव्या बाजूचे दोन सॉकेट एक लाईन, उजव्या बाजूचे दोन दुसरी लाईन. फ्रिज आणि आरओ तिसरी. घरघंटी किंवा गिझर असेल तर त्याची स्वतंत्र. दिवा-पंखा घराच्या दिव्यांच्या लाईनवर राहू द्या, म्हणजे रात्री सॉकेटची लाईन पडली तरी हातात गरम पातेलं घेऊन अंधारात उभं राहावं लागत नाही. प्रत्येक लाईन मेन बोर्डापासून थेट, स्वतःच्या एमसीबीवरून (करंट जास्त झाला की आपोआप पडून लाईन तोडणारं बटन), स्वतःच्या फेज-न्यूट्रल-अर्थसह. मध्ये हॉलच्या बोर्डावर उतरून पुढे जाणारी नको. इंडक्शन डाव्या लाईनवर आणि किटली उजव्या लाईनवर, एवढं घरात सांगून ठेवलं की भागतं.

वायर थोडी जास्त लागते, हे खरं आहे. कुठे काटकसर करायचीच असेल तर दिव्यांच्या झुंबरात करा.

५. घर जुनं आहे. दिव्याच्या बोर्डावरूनच लूप घेऊन मोठा सॉकेट बसवून देतो म्हणतात. चालेल का?

नाही. सगळ्यांत जास्त जळालेले बोर्ड मला इथेच सापडतात.

माझ्या काकूकडे असंच होतं. पोळ्याच्या दिवशी इंडक्शनवर पुरणाची डाळ आणि त्याच बोर्डावर मिक्सर. दुपारी घरभर वास सुटला, सगळ्यांना वाटलं डाळ लागली. मी प्लेट उघडली. सॉकेट नवा कोरा १६ अँपिअरचा, आणि त्याच्या मागे बल्बच्या बटनावरून आलेली एकची वायर. लाल वेष्टण चॉकलेटी पडून तळलेल्या पापडासारखं कडक झालं होतं, बोट लावलं तर चुरा होऊन खाली पडलं. आतलं तांबं काळं ठिक्कर. मेनवर किटकॅट फ्यूज (चिनी मातीचा, आत तार घालायचा) होता आणि त्यात तार घातली होती चार पदरी, कारण एक पदर सारखा उडायचा. तो उडत होता तेव्हा बरोबरच सांगत होता.

जुन्या घरात भिंत फोडायची नसेल तर मेन बोर्डापासून स्वयंपाकघरापर्यंत वरून पीव्हीसी पाईप टाकून अडीचची नवी लाईन न्या. एका दिवसाचं काम आहे. जुन्या घरात ॲल्युमिनियमची वायर असेल तर तिला तांब्याची वायर नुसती पिळून जोडू नका. तो सांधा काळा पडतो, सैल होतो आणि तापतो.

६. एमसीबी सारखा पडतो. १६ चा काढून ३२ चा टाकू का?

अजिबात नाही. एमसीबी वायरीला वाचवतो. अडीचच्या वायरीवर ३२ चा टाकला तर आधी वायर जळेल आणि एमसीबी तसाच उभा राहील. स्वयंपाकघरातल्या अडीचच्या लाईनला मी १६ चाच ठेवतो. दिव्यांच्या दीडच्या लाईनला ६ किंवा १०.

पडतो का, ते आधी बघा. दोन जड वस्तू एकत्र चालतात का? मग प्रश्न ४. घरघंटी किंवा फ्रिज सुरू होतानाच पडतो का? मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढते, तिथे बी कर्व्हऐवजी सी कर्व्हचा, म्हणजे असा क्षणभराचा करंट सोसणारा एमसीबी लागतो, अँपिअर तेवढेच ठेवून. फक्त उन्हाळ्यात दुपारी पडतो का? मेन बोर्ड ओसरीत पश्चिमेच्या उन्हात असेल तर एमसीबी आतून तापून लवकर पडतो. बोर्ड सावलीत घ्या.

७. एमसीबी आहेत, मग आरसीसीबी वेगळा कशाला?

एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. फेजनं जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलनं परत आला का, याकडे आरसीसीबीचं लक्ष असतं. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे करंट कुणाच्या तरी अंगातून किंवा वस्तूच्या पत्र्यातून जमिनीत जाऊ लागला, की तो लाईन तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचाच घ्या. शंभरचा किंवा तीनशेचा स्वस्तात मिळाला म्हणून आणू नका, तो माणसासाठी नाही.

आता नीट वाचा. समजा तुमच्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे, जो गावात सहज असतो. फ्रिजच्या पत्र्यात फेज उतरला तर अर्थमधून २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर वाहतील. १६ चा एमसीबी साडेअकराला पडतच नाही. फ्रिजचं दार तसंच करंट धरून उभं राहील आणि हात लावणाऱ्याला झटका बसेल. तिथे आरसीसीबी पातं लवायच्या आत लाईन तोडतो.

तो काय करत नाही तेही लक्षात ठेवा. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर त्याला ते कळत नाही. जास्तीचा भारही तो मोजत नाही. म्हणून एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही लागतात.

८. आमची काळी जमीन आहे. अर्थिंग कुठे आणि कसं करू?

काळी माती ओली असेपर्यंत अर्थिंगला फार चांगली. पण उन्हाळ्यात ती फाटते. वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तशीच पाईपाभोवतीही माती सुटते, आणि पाईप नुसता भेगेत उभा राहतो. नेमका त्याच दिवसांत घरात लोखंडी कूलर चालू असतो आणि त्यात पाणी असतं.

जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप ४० मिलिमीटरचा आणि अडीच मीटर लांब, म्हणजे आठ-सव्वाआठ फूट. भिंतीपासून निदान पाच फूट लांब, उभा गाडायचा, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नरसाळं आणि झाकण. जागा निवडताना मोरीचं किंवा भांडी घासल्याचं पाणी जिथून वाहतं त्याच्या जवळची निवडा, तिथली माती उन्हाळ्यातही ओली राहते. तरी मार्च ते जून दर आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी ओताच. तुळशीला घालता तेव्हाच इथेही घाला, म्हणजे विसर पडत नाही. पाईपापासून मेन बोर्डापर्यंतची अर्थची तार अखंड असावी, आणि पाईपाला नटबोल्टनं घट्ट आवळलेली. नुसता वेढा मारलेला दोन पावसाळ्यांत गंजतो.

नळाच्या पाईपला किंवा गावच्या हातपंपाला अर्थ बांधू नका. तुमच्या फ्रिजमधला करंट पाणी भरायला आलेल्या शेजारणीच्या हातात जाईल.

९. अर्थिंग नाही म्हणून वायरमननं सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून दिलं. टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं.

आजच काढून टाका. खांबापासून घरापर्यंत न्यूट्रल कुठेही तुटला, तर चालू असलेल्या दिव्या-पंख्यातून फेज त्या न्यूट्रलवर उतरतो आणि तुमच्या जोडातून फ्रिज, मिक्सर, कूलर सगळ्यांच्या पत्र्यावर जातो. वादळवाऱ्यात न्यूट्रल तुटणं आपल्याकडे नवीन नाही. प्रश्न ८ प्रमाणे अर्थिंग होईपर्यंत निदान आरसीसीबी तरी बसवा.

१०. सॉकेट किती उंचीवर आणि कुठे नसावेत?

ओटा साधारण ३२-३३ इंचाचा असतो. त्याच्या वर ८ ते १० इंच. नळापासून बाजूला निदान दोन फूट, शेगडीपासूनही तेवढंच. शेगडीच्या थेट मागे किंवा वर कधीच नको, वायर ज्योतीवरून जाते आणि फोडणीचं तेल सॉकेटच्या भोकात बसतं. फ्रिजचा सॉकेट फ्रिजच्या मागे न घेता बाजूला घ्या, म्हणजे वीज कडाडायला लागली की पिन ओढता येते.

ओट्याखाली सिलिंडरच्या कप्प्यात सॉकेट किंवा बटन नको. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खालीच साचतो, आणि बटनाची एक ठिणगी त्याला पुरते. याच कारणानं, गॅसचा वास आला तर एक्झॉस्टचं बटनही दाबू नका. आधी दारं-खिडक्या उघडा.

११. घर मातीचं आहे, वर कवेलू. चूलही घरातच. फिटिंग कसं करू?

मातीच्या भिंतीला झिरी मारू नका. भिंत ढिली होते आणि पाईप धरत नाही. पीव्हीसी पाईप वरूनच, लाकडी गुट्टीवर सॅडल मारून. पट्टीपेक्षा पाईप बरा, उंदीर पट्टीचं झाकण उचकटून आत शिरतात. कवेलू पहिल्या पावसात कुठे गळतं ते घरातल्यांना ठाऊक असतं, तिथून बोर्ड दूर. पाईप बोर्डात शक्यतो खालच्या बाजूनं घ्या, म्हणजे वरून ओघळलेलं पाणी आत उतरत नाही. चुलीची काजळी आणि तेलाची वाफ मिळून सॉकेटवर चिकट थर बसतो. शटरवाले सॉकेट घ्या आणि महिन्यातून एकदा मेन बंद करून कोरड्या फडक्यानं पुसा. सारवलेल्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून काम होतं, म्हणून अशा घरात आरसीसीबी पक्क्या घरापेक्षाही आधी हवा.

१२. पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडतो. काढून टाकलं तर लाईट टिकतो.

तुमचा त्रास मला कळतो, रात्री-बेरात्री उठून बोर्डाशी जावं लागतं. पण काढू नका. सगळ्या वस्तूंच्या पिना काढा, आरसीसीबी वर करा, मग एकेक वस्तू लावा. जिच्यानं पडला तिच्यात गळती आहे, बहुतेक वेळा गिझर किंवा पाण्यात बुडवायचा रॉड. काहीही न लावता पडत असेल तर एकेक एमसीबी बंद करून ओलावा कोणत्या लाईनमध्ये आहे ते शोधा. आणि नवं काम झाल्यावरच पडू लागला असेल, तर एखाद्या लाईनचा न्यूट्रल चुकून दुसरीकडून घेतलाय, हॉलच्या दिव्याचा किंवा इन्व्हर्टरचा. ज्या आरसीसीबीतून फेज गेला त्याच्यातूनच न्यूट्रल परत यायला हवा. फ्रिज वारंवार बंद पडून दूध नासत असेल, तर फ्रिजच्या लाईनला स्वतंत्र आरसीबीओ द्या. त्यात दोन्ही कामं एकत्र असतात, आणि बाकी घराच्या गळतीचा फ्रिजला त्रास होत नाही.

१३. संध्याकाळी लाईट डिम असतो. जाड वायर टाकली तर व्होल्टेज वाढेल का?

घरातल्या वायरीत फार थोडं व्होल्टेज पडतं. अडीचच्या वायरीनं १५ मीटरवर १३ अँपिअर नेले तरी तीनेक व्होल्ट. खरी घट डीपीपासून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून) तुमच्या घरापर्यंत होते, रब्बीत मोटरी सुरू झाल्या की जास्तच. १८० व्होल्ट येत असतील तर कॉईलचा हिटर ६१ टक्केच ताकद देतो, म्हणून पाणी तापता तापत नाही. फ्रिजला मात्र कमी व्होल्टेज जाळतं. त्याला स्टॅबिलायझर द्या. याच्या उलटही होतं. डीपीवर न्यूट्रल सुटला तर घरात ३०० च्या वर, वाईट वेळी ४०० च्या जवळ व्होल्टेज येतं आणि सगळ्या आळीतले टीव्ही-फ्रिज एका रात्रीत जातात. मेन बोर्डावर जास्त-कमी व्होल्टेजला लाईन तोडणारं यंत्र बसतं, ते बसवून घ्या.

१४. स्वयंपाकघरातले सॉकेट इन्व्हर्टरवर घेऊ का?

दिवा, एक्झॉस्ट आणि आरओ घ्या. ओट्यावरचे मोठे सॉकेट घेऊ नका. अंधारात कुणीतरी इंडक्शन लावणारच, आणि घरगुती इन्व्हर्टर ते झेपवू शकत नाही. बोर्ड उघडण्याआधी मेनबरोबर इन्व्हर्टरही बंद करा. महावितरणची लाईन गेली तरी त्या वायरीत करंट असतो.

१५. घरघंटी, टुल्लू पंप आणि कूलर स्वयंपाकघरातल्या सॉकेटवर लावले तर?

घरघंटीला स्वतःची लाईन, प्रश्न ४ आणि ६ प्रमाणे. टुल्लू पंपाची वायर खिडकीतून बाहेर ओढून ओल्या अंगणात टाकणं थांबवा, त्याला बाहेर झाकणाचा सॉकेट आणि आरसीसीबीवरची लाईन हवी. कूलरला करंट जास्त लागत नाही, पण अर्थ लागतोच. तीन पिनेची अर्थची पिन तोडून किंवा दोन पिनेची वायर लावून लोखंडी कूलर चालवणं हे विदर्भात दर उन्हाळ्यात जीव घेतं. टाकीत पाणी भरताना पिन काढलेली असावी, नुसतं बटन बंद नव्हे.

१६. मुलानं इंटरनेटवर गोल फिरवून आणलेली रिंगची लाईन पाहिली. तशी करू?

ती इंग्लंडची पद्धत. तिथे प्रत्येक पिनेच्या आत फ्यूज असतो, आपल्या पिनेत नसतो. ३२ च्या एमसीबीवर रिंग केली आणि मिक्सरची बारीक वायर आत शॉर्ट झाली, तर ती वाचवायला मध्ये काहीच नाही. आपल्याकडे बोर्डापासून सरळ निघून शेवटच्या सॉकेटवर संपणारी लाईनच बरोबर.

१७. थ्री फेज मीटर आहे. ओट्यावर दोन फेज आणले तर भार वाटला जाईल ना?

भार वाटला जाईल, पण हाताच्या अंतरावरच्या दोन सॉकेटमध्ये ४०० व्होल्टचा फरक येईल. एका खोलीत एकच फेज ठेवा. स्वयंपाकघर एका फेजवर, बेडरूम दुसऱ्या, मोटर-गिझर तिसऱ्या.

१८. मीटर एक किलोवॅटचं आहे. इंडक्शन घेतलं तर?

मंजूर भार वाढवायचा अर्ज महावितरणकडे करा. आतली लाईन प्रश्न ४ प्रमाणे केली तरी खांबावरून येणारी सर्व्हिस वायर जुनी आणि बारीक असेल तर ती मीटरशी तापते.

१९. काम झालं म्हणतात. पैसे देण्याआधी मी काय बघू?

प्लॅस्टर व्हायच्या आधीच प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी टेप धरून, म्हणजे पुढे खिळा ठोकताना पाईप कुठे आहे ते कळेल. मेन बोर्डात प्रत्येक एमसीबीखाली मराठीत नाव लिहून घ्या. आरसीसीबीचं टेस्ट बटन तुमच्यासमोर दाबायला लावा. पण ते बटन अर्थिंग तपासत नाही, अर्थिंग नसलं तरी तो पडतो. म्हणून अर्थिंग मीटरनं मोजून आकडा लिहून घ्या, शक्यतो पाच ओहमच्या आत. दोन सॉकेट उघडून हिरवी वायर खरंच जोडली आहे का ते डोळ्यांनी बघा. नंतर ओट्यावर इंडक्शन पूर्ण ताकदीवर लावून अर्धा तास पाणी उकळा, मग बटन बंद करून पिन ओढा आणि तिच्या प्लॅस्टिकला बोट लावा. कोमट ठीक. चटका बसला तर त्या सॉकेटचा स्क्रू सैल राहिला आहे. तो वायरमन घरात असतानाच आवळून घ्या.